पर्यावरण आराखडा कागदावर राहू नये म्हणून: स्थानिक संस्थांसाठी कामाचा क्रम

बहुतेक पर्यावरण आराखडे कामांच्या यादीने सुरू होतात. इतकी झाडे, इतके सौर दिवे, एक खतप्रकल्प, एक जनजागृती फेरी. यादी सभेत मंजूर होते, कामेही होतात. तीन वर्षांनी मात्र पाण्याची गळती किती घटली असे कुणी विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण ती मुळात किती होती हे मोजलेलेच नसते. यातली बरीचशी कामे स्वतःपुरती चांगली असतात, पण ती उलट्या क्रमाने येतात: आधी खरेदी, मग मोजणी, आणि देखभालीचा विचार सगळ्यांत शेवटी.

पुढचा क्रम ५० हजार ते ५ लाख लोकसंख्येची स्थानिक स्वराज्य संस्था (नगरपालिका किंवा महानगरपालिका) डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे. लहान संस्थेत एकाच माणसाकडे तीन विभाग असतील, तरी टप्पे गाळू नका. हवे तर प्रत्येक टप्प्याचा आवाका कमी करा.

## सुरुवातीआधीची तयारी

माणसे. पाणीपुरवठा, घनकचरा, विद्युत, नगररचना, उद्यान आणि लेखा या प्रत्येक विभागातून एक माणूस हवा. सर्वांत जास्त विसरला जातो तो लेखा विभाग, आणि पुढे आराखडा अडतो तोही तिथेच. समन्वयक असा नेमा की ज्याला इतर विभागांची देयके आणि नोंदवह्या मागवण्याचा लेखी अधिकार आहे. पर्यावरण कक्ष वेगळा काढून त्याला हा अधिकार दिला नाही, तर तो कक्ष फक्त पत्रव्यवहार करत राहतो.

कागद. मागच्या तीन वर्षांचे पुढील दस्तऐवज एका जागी आणा:

- संस्थेच्या नावावरील प्रत्येक वीजजोडणीचे मासिक देयक
- वाहनांच्या इंधनाच्या नोंदवह्या
- उपसा केंद्र आणि शुद्धीकरण केंद्रांच्या दैनंदिन नोंदी
- पाणीपट्टीची मागणी आणि वसुली
- कचराभूमीवरील वजनकाट्याच्या पावत्या
- बांधकाम परवानग्यांची यादी आणि जमीन वापराचे नकाशे

वेळ. पहिल्या फेरीला १० ते १२ महिने धरा. कचरा आणि सांडपाणी किमान दोन ऋतूंत मोजावे लागते, त्यामुळे याहून लवकर झालेल्या आराखड्यात आकडे दुसरीकडून उचललेले असण्याचीच शक्यता अधिक. शेवटची तारीख आधी ठरवा: अंदाजपत्रक मांडले जाण्याच्या तीन महिने आधी मसुदा तयार हवा. त्यावरून उलटे मोजत सुरुवातीची तारीख काढा.

तपासा: वीजजोडण्यांची यादी पूर्ण आहे का? बंद पडलेल्या पंपाची, पाडलेल्या इमारतीची किंवा भाड्याने दिलेल्या गाळ्याची देयके संस्था भरत असल्याचे अनेकदा याच वेळी उघड होते. अशा जोडण्या लगेच वेगळ्या काढा.

## टप्पा १: हद्द आणि आधारवर्ष ठरवा

प्रशासकीय हद्द ही पहिली रेघ. पण पाणी हद्दीबाहेरच्या धरणातून येत असेल, कचरा हद्दीबाहेर जात असेल, वीज दूरच्या केंद्रातून येत असेल, तर या तिन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. कचराभूमी शेजारच्या हद्दीत आहे म्हणून तिथला मिथेन आपला नाही, असे धरता येत नाही.

दुसरी रेघ अधिकाराची. दोन वेगळे हिशेब ठेवा: संस्था स्वतः जे करते (पंप, पथदिवे, वाहने, कार्यालये) आणि संपूर्ण शहरात जे होते (घरे, उद्योग, खासगी वाहतूक). पहिल्यावर संस्थेचा थेट ताबा असतो, दुसऱ्यावर नियम, परवानग्या आणि सेवांमधून प्रभाव पडतो. हे दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की संस्थेची मेहनत शहराच्या मोठ्या आकड्यात दिसेनाशी होते.

आधारवर्ष म्हणजे पुढच्या सगळ्या आकड्यांची तुलना ज्याच्याशी होते ते वर्ष. त्यासाठी महापूर, तीव्र दुष्काळ किंवा टाळेबंदीचे वर्ष घेऊ नका. सलग तीन वर्षांच्या नोंदी असतील तर त्यांची सरासरी सर्वांत सुरक्षित.

## टप्पा २: ताळेबंद मांडा

आराखड्याचा निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. पाणी, कचरा, ऊर्जा आणि जमीन, असे चार ताळेबंद. प्रत्येकात आत आलेले आणि बाहेर गेलेले जुळले पाहिजे. जे जुळत नाही तिथेच काम दडलेले असते.

### पाणी

समजण्यासाठी एक कल्पित शहर घेऊ. रोज ६,००० घनमीटर पाणी सोडले जाते. देयक लागलेला वापर ३,९००. देयक नसलेला पण अधिकृत वापर (सार्वजनिक नळ, अग्निशमन, टाक्या धुणे) ३००. बेकायदा जोडण्या आणि मागे पडणारे मीटर यांत ५००. उरलेले १,३०० घनमीटर ही खरी गळती.

म्हणजे महसूल न मिळणारे पाणी २,१०० घनमीटर, अर्थात ३५ टक्के. पण जमिनीत मुरणारी गळती सुमारे २२ टक्केच. हे दोन आकडे एकच समजणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. ३५ टक्के गळती धरून सगळा पैसा वाहिन्या बदलण्यात घातला, तर मीटर आणि बेकायदा जोडण्यांचा प्रश्न तसाच राहतो आणि आकडा अपेक्षेइतका खाली येत नाही.

काम या क्रमाने करा:

१. आधी मुख्य मीटर तपासा. टाकीत पाणी आणणाऱ्या वाहिनीचा झडपा बंद करा, पाण्याची पातळी किती उतरली ते मोजा आणि बाहेर जाणाऱ्या वाहिनीवरच्या मीटरशी ताडून पाहा. २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद टाकीत पातळी अर्धा मीटर उतरली तर १५० घनमीटर पाणी गेले. मीटर १४० दाखवत असेल तर तो जवळजवळ ७ टक्के कमी मोजतो आहे, आणि पुढचा सगळा ताळेबंद तितकाच वाकडा होईल.

२. मग ग्राहकांचे मीटर, अधिकृत पण विनामोबदला वापर आणि बेकायदा जोडण्या यांचा अंदाज विभागवार काढा.

३. उरलेली खरी गळती रात्रीच्या प्रवाहाशी ताडून पाहा. २४ तास पुरवठा असलेल्या विभागात पहाटे २ ते ४ या वेळेत वापर सर्वांत कमी असतो. तेव्हा वाहणारे बहुतेक पाणी गळतीचे असते.

सावधान: ठरावीक तासच पाणी येते अशा विभागात रात्रीची मोजणी फसवते. पाणी येताच घरोघरच्या टाक्या भरू लागतात आणि ती भरती गळतीसारखी दिसते. अशा ठिकाणी लहान विभाग वेगळा करून, ग्राहकांचे झडपे बंद ठेवून, ठरावीक वेळ दाब देऊन मोजा.

गळती शोधताना दाबही नोंदवा. बहुतेक जाळ्यांत गळती दाबाबरोबर वाढते: ढोबळमानाने दाब १० टक्के उतरला की गळतीही तेवढ्याच प्रमाणात उतरते. रात्रीचा अनावश्यक दाब कमी करणे हा खोदकामाविना होणारा उपाय आहे आणि तो क्वचितच आधी केला जातो.

### सांडपाणी

ताळेबंद पुढे न्या. ग्राहकांपर्यंत पोचलेले पाणी ३,९०० + ३०० + ५०० = ४,७०० घनमीटर. त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे सुमारे ३,७६०, सांडपाणी होते. शुद्धीकरण केंद्रात २,००० घनमीटरच येत असेल, तर उरलेले नाल्यात, नदीत किंवा जमिनीत जाते आहे. खासगी विंधनविहिरींचे पाणी यात धरलेले नाही. ते मिळवले की तफावत आणखी वाढते. केंद्राची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव आला की हा हिशेब आधी मागवा. अनेकदा खरी गरज जोडण्यांची असते.

नमुना घेताना सकाळी ११ वाजता एक बाटली भरून चालत नाही. २४ तास, दर तासाला, प्रवाहाच्या प्रमाणात नमुना घेऊन तो एकत्र करा, सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवा (गोठवू नका) आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर ४८ तासांच्या आत, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो याची) चाचणी सुरू करा.

### कचरा

गाड्यांच्या फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता, असा अंदाज टाकून द्या. गाडी भरली म्हणजे क्षमतेइतके वजन झाले असे नाही. प्लास्टिकने भरलेली गाडी आणि भिजलेल्या ओल्या कचऱ्याची गाडी यांच्या वजनात खूपच फरक पडतो.

घरगुती कचऱ्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक कार्यक्रमाने सुचवलेली पद्धत आटोपशीर आहे. कमी, मध्यम आणि जास्त उत्पन्नाच्या वस्त्यांतून प्रत्येकी ३०, अशी ९० घरे निवडा. सलग ८ दिवस रोज कचरा गोळा करून वजन करा आणि पहिल्या दिवसाचे वजन टाकून द्या, कारण त्यात आधीचा साठलेला कचरा असतो. उरलेल्या ७ दिवसांत आठवड्याचा पूर्ण फेरा येतो. घरात त्या दिवशी किती माणसे होती हेही लिहा, नाहीतर दरडोई आकडा निघणार नाही.

घटक मोजण्यासाठी ढीग नीट मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा. सुमारे १०० किलो उरेपर्यंत हे पुन्हा करा. मग ओला कचरा, कागद, प्लास्टिक, काच, धातू, कापड, घातक आणि इतर अशी वाटणी करून प्रत्येकाचे वजन घ्या. हातमोजे, बूट, मास्क आणि धनुर्वाताची लस याशिवाय कुणालाही या कामाला लावू नका.

तपासा: दरडोई कचरा गुणिले लोकसंख्या, अधिक बाजार, हॉटेले, संस्था यांचा कचरा, ही बेरीज वजनकाट्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. बेरीज जास्त असेल तर फरक जाळला जातो, नाल्यात जातो किंवा भंगार वेचणाऱ्यांकडून परत वापरात जातो. हे तीन वाटे स्वतंत्रपणे शोधा. वजनकाटाच जास्त दाखवत असेल तर गाड्यांत माती किंवा राडारोडा येतो आहे.

### ऊर्जा आणि हरितगृह वायू

वीजजोडण्यांची यादी वापराच्या उतरत्या क्रमाने लावा. पाणी उपसून चढवावे लागते अशा शहरांत उपसा पहिल्या जागी, पथदिवे त्याच्या मागे, असे चित्र नेहमी दिसते. पंपाची तपासणी सोपी आहे: १ घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षम असतील तर ०.४५ युनिट. तुमचा आकडा ०.७ असेल तर पंप झिजला आहे, चुकीच्या आकाराचा आहे किंवा अर्धवट बंद झडप्याविरुद्ध चालतो आहे. उंचीत वाहिनीतले घर्षणही धरायला विसरू नका.

शहराच्या उत्सर्जनासाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला शहरांसाठीचा जागतिक नोंद-नियम (जीपीसी) वापरा. तो उत्सर्जनाचे तीन भाग करतो: हद्दीत झालेले, बाहेरून घेतलेल्या विजेमुळे झालेले, आणि आपल्यामुळे हद्दीबाहेर झालेले. डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो आणि पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. विजेसाठी आपल्या ग्रीडचा त्या त्या वर्षाचा अधिकृत गुणांक (एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) घ्या.

सावधान: मिथेनचा गुणक (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो तापवतो) हवामानविषयक आंतरसरकारी समितीच्या पाचव्या अहवालात १०० वर्षांसाठी २८ आहे, वेगवेगळ्या अहवालांत तो थोडा बदलतो. कोणता घेतला ते लिहा आणि आधारवर्षासाठी एक, चालू वर्षासाठी दुसरा असे करू नका. तसे केले तर काहीही न करता आलेख खाली किंवा वर जातो. कचराभूमीबाबत आणखी एक गोष्ट: आज टाकलेला कचरा अनेक वर्षे मिथेन सोडत राहतो, म्हणून कचरा टाकणे थांबवले तरी त्या वर्षीचे उत्सर्जन शून्य होत नाही.

### जमीन, पाणी मुरणे, उष्णता

ओढे, तळी, उतार, पूरक्षेत्र, मोकळी जमीन आणि झाकलेली जमीन एकाच नकाशावर आणा. काँक्रीटचा परिणाम आकड्यात दाखवला की सभेत तो पटतो. घनमीटर प्रतिसेकंद प्रवाह = वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसाचा वाहून जाणारा हिस्सा) × ताशी मिलिमीटर पाऊस × हेक्टर ÷ ३६०. १० हेक्टरवर ताशी ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि गुणांक ०.३ असला (मोकळी, हिरवी जमीन) तर ०.५ घनमीटर प्रतिसेकंद. तीच जमीन बांधली गेली आणि गुणांक ०.८ झाला तर १.३३. खालचा नाला तेवढाच राहतो.

उष्णतेच्या नकाशात एक गफलत वारंवार होते: उपग्रह पृष्ठभागाचे तापमान देतो, हवेचे नाही. तापलेला पत्रा त्यात भडक लाल दिसेल, पण माणसाला होणारा त्रास कळायला माणसाच्या उंचीवर, सावलीत मोजलेले हवेचे तापमान आणि आर्द्रता लागते.

हवेच्या प्रदूषणासाठी स्वस्त संवेदक लावणार असाल तर आधी काही आठवडे ते प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दुरुस्तीचा गुणांक काढा. दमट हवेत ते सूक्ष्म कण जास्त दाखवतात. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा: पीएम २.५ ची (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची) वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, २४ तासांची १५.

## टप्पा ३: लक्ष्ये लिहा

लक्ष्याच्या एका वाक्यात पाच गोष्टी हव्यात: काय, किती वरून, किती वर, केव्हापर्यंत, आणि कोण मोजणार. "गळती कमी करणे" हे लक्ष्य होत नाही. "खरी गळती रोज १,३०० घनमीटरवरून चार वर्षांत ८००, मोजणी पाणीपुरवठा विभागाची, दर तिमाहीला" हे होते.

कामाचे माप आणि परिणामाचे माप वेगळे ठेवा. लावलेली रोपे हे काम. तीन वर्षांनी जिवंत असलेली झाडे हा परिणाम. प्रत्येक झाडाला क्रमांक आणि नकाशावर जागा दिल्याशिवाय दुसरा आकडा खात्रीने देता येत नाही. लोकसंख्या वाढत असेल तर दरडोई आणि एकूण, दोन्ही लक्ष्ये लिहा. दरडोई कचरा घटूनही कचराभूमी भरत राहू शकते.

तपासा: प्रत्येक लक्ष्याचा सुरुवातीचा आकडा टप्पा २ मधून आला आहे का? तो तिथे नसेल तर लक्ष्य काढून टाका किंवा पहिल्या वर्षात फक्त मोजणी ठेवा.

## टप्पा ४: कामे निवडा, आणि त्यांचा आपसातला क्रम लावा

नियम एकच: आधी गरज कमी करा, मग उरलेल्या गरजेसाठी यंत्रणा उभारा.

- आधी गळती आणि दाब, मग नवा जलस्रोत.
- आधी पंप आणि दिवे बदला, मग उरलेल्या भारावर सौर यंत्रणेचा आकार ठरवा. जुन्या भारावर ठरवलेली यंत्रणा कायम मोठी राहते.
- आधी घरातले वर्गीकरण आणि वेगळी वाहतूक, मग खतप्रकल्प.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण बंद पडलेल्या प्रकल्पांमध्ये खतप्रकल्प फार असतात. मिश्र कचऱ्यापासून निघालेल्या खतात काच आणि प्लास्टिकचे तुकडे येतात, शेतकरी ते घेत नाही, खत साचते, आणि प्रकल्प कचरा साठवण्याची जागा बनतो. चांगल्या वर्गीकरणानंतरही प्रक्रियेला शिस्त लागते: कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण २५ ते ३० ला १, ओलावा ५० ते ६० टक्के. मूठभर माल घट्ट दाबला की दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर सुका पाला किंवा भुसा मिसळा. लांबट ढिगात ५५ अंश सेल्सिअस किंवा जास्त तापमान १५ दिवस टिकले पाहिजे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलथला पाहिजे, तरच रोगजंतू मरतात. वास सुटला की सुगंधी फवारणीवर खर्च करू नका. हवा पोचत नाही किंवा ओलावा जास्त आहे, हे त्याचे कारण असते.

निवडलेल्या प्रत्येक कामासाठी एक पान पुरे: कोणते लक्ष्य, किती परिणाम, उभारणीचा खर्च, वार्षिक देखभाल, लागणारी माणसे, जमीन कुणाची, आणि हे काम कोणत्या दुसऱ्या कामानंतरच सुरू होऊ शकते. जमिनीच्या रकान्यात "उपलब्ध होईल" असे लिहिलेले काम पहिल्या वर्षात घेऊ नका.

## टप्पा ५: जमीन वापर आणि बांधकाम परवानगी

पर्यावरणावर स्थानिक संस्थेची सर्वांत मोठी पकड इथे आहे, आणि बहुतेक आराखड्यांत या भागाला एक परिच्छेद मिळतो. एकदा पूरक्षेत्रात इमारत उभी राहिली की पुढची पन्नास वर्षे तिथे पंप, भिंती आणि भरपाई यांवर खर्च होत राहतो.

१. पूरक्षेत्र, तळी, ओढ्यांचे काठ आणि तीव्र उतार आधी नकाशावर राखून ठेवा. रहिवासी आणि व्यापारी विभाग त्यानंतर आखा. उलटा क्रम लावला तर मोकळ्या जागा म्हणजे कुणालाच नको असलेले उरलेले तुकडे ठरतात.

२. दाट वस्ती सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गालगत येऊ द्या. विखुरलेल्या वस्तीत दर घरामागे वाहिनी, रस्ता आणि कचरागाडीची फेरी लांबते, म्हणजे प्रत्येक सेवेची ऊर्जा कायमची वाढते.

३. परवानगीच्या अटी मोजता येतील अशा लिहा. "पर्जन्यजल संधारण करावे" या अटीचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पावसाचे ५,००० लिटर. तेवढ्या पाण्याची साठवण किंवा मुरवण, गाळणीसह, अशी अट लिहा.

४. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पाणी ओतून खड्डा खरोखर मुरवतो का ते पाहा. छायाचित्रात रिकामा खड्डाही छान दिसतो.

सावधान: मुरवणीचा खड्डा शौचालयाच्या टाकीपासून दूर हवा, आणि जिथे भूजल अगदी वर आहे किंवा औद्योगिक दूषित माती आहे तिथे मुरवण नको, साठवण करा.

## टप्पा ६: मसुदा लोकांपुढे ठेवा

वेळ महत्त्वाची आहे: पर्याय अजून खुले असताना, निविदा निघण्याआधी. सगळे ठरल्यावर घेतलेल्या सुनावणीत विरोध वाढतो आणि उपयोगाची माहिती मिळत नाही. प्रभागवार, कामाच्या वेळेबाहेर, बोलीभाषेत, त्या प्रभागाचा स्वतःचा नकाशा आणि आकडे घेऊन बसा. सफाई कामगार, भंगार वेचणारे आणि झडपे उघडणारे कर्मचारी यांची वेगळी बैठक घ्या. कोणत्या गल्लीत वाहिनी फुटते आणि कचरा रात्री कुठे पडतो, हे नकाशापेक्षा त्यांना नेमके ठाऊक असते.

प्रत्येक हरकतीसमोर लेखी उत्तर नोंदवा: मान्य, अंशतः मान्य, अमान्य, आणि कारण. ही नोंदवही आराखड्याला जोडा.

## टप्पा ७: अंदाजपत्रक आणि निविदा

आराखड्यातल्या प्रत्येक कामापुढे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते) लिहा. ज्या कामाला लेखाशीर्ष नाही ते काम होणार नाही, एवढे स्पष्ट धरून चाला. उभारणी आणि देखभाल यांची शीर्षे वेगळी ठेवा. अनुदान बहुधा उभारणीला मिळते. देखभाल संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करावी लागते. पुढच्या पाच वर्षांची देखभाल दाखवता येत नसेल तर काम लहान करा.

खरेदी सर्वांत कमी किमतीवर न ठरवता आयुष्यभराच्या खर्चावर ठरवा. ताशी १०० घनमीटर पाणी ४० मीटर चढवणाऱ्या पंपाला ५५ टक्के कार्यक्षमतेवर सुमारे १९.८ किलोवॉट लागतात, ७५ टक्क्यांवर १४.५. रोज १६ तास चालला तर वर्षाला जवळजवळ ३१ हजार युनिटचा फरक पडतो. पंपाच्या किमतीतली तफावत याच्यासमोर ठेवून बघा.

करारात पैसे कशासाठी देतो ते पुन्हा पुन्हा वाचा. कचरा वाहतुकीचे पैसे टनावर दिले की ठेकेदाराला जड कचरा फायद्याचा ठरतो: माती, राडारोडा, पाणी धरलेला मिश्र कचरा. वर्गीकरण त्याच्या तोट्याचे होते. त्याऐवजी सेवा दिलेली घरे, वेगळा पोचलेला ओला आणि सुका कचरा, आणि प्रक्रियेनंतर उरलेल्या टाकाऊ भागाची कमाल टक्केवारी यांवर देयक बांधा. वृक्षलागवडीत रकमेचा मोठा हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या जिवंत झाडांच्या मोजणीनंतर द्या. शुद्धीकरण केंद्रात बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दर्जावर द्या, आणि नमुना ठेकेदाराने नव्हे तर संस्थेने घ्यावा.

## टप्पा ८: नोंदी, तपासणी, दुरुस्ती

प्रत्येक निर्देशांकाचे एक पत्रक करा: व्याख्या, एकक, आकडा कुठून येतो, कोण भरतो, किती दिवसांनी, आणि कोण पडताळतो. नाव न लिहिता पद लिहा, म्हणजे बदली झाली तरी काम थांबत नाही. सुरुवातीला १२ ते १५ निर्देशांक पुरेत. साठ निर्देशांकांची यादी पहिल्या सहामाहीनंतर कुणी भरत नाही.

मासिक नोंद, तिमाही आढावा, वार्षिक अहवाल. तिमाही बैठकीत फक्त दोन प्रकारच्या ओळी घ्या: जिथे आकडा चुकला आहे आणि जिथे आकडा आलाच नाही. दोन्हींपुढे कारण, उपाय, जबाबदार पद आणि तारीख लिहा. सलग तीन महिने अगदी एकसारखा आलेला आकडा संशयास्पद समजा. मीटर बंद असतो किंवा मागचाच आकडा उतरवलेला असतो.

वार्षिक अहवालात न झालेली कामेही छापा, कारणांसह, आणि तो अहवाल पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी सभेपुढे ठेवा.

हद्दवाढ झाली, मोजणीची पद्धत बदलली किंवा जुन्या नोंदीत मोठी चूक सापडली, तर आधारवर्ष नव्या हद्दीनुसार आणि नव्या पद्धतीने पुन्हा काढा. जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी ठेवा, बदलाचे कारण एका ओळीत लिहा आणि त्यावर अवलंबून असलेली सगळी लक्ष्ये त्याच सभेत दुरुस्त करून घ्या.